सेट होता होत नाही

इंग्रजीतला सगळ्यात छळवादी शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी ‘सेट’चं नाव घेईन. अक्षरं जेमतेम तीन. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत नुसत्या क्रियापदाच्या ४३० अर्थछटा आणि सुमारे ६०,००० शब्दांची नोंद! एवढ्यात आपल्याकडे कादंबरी होते आणि तिचा प्रकाशन समारंभही. वर भूतकाळातही हा गडी रूप बदलत नाही.

मराठीत सूर्य मावळतो, हाड बसवतात, हिरा कोंदणात जडवतात, छापखान्यात खिळे जुळवायचे. एवढी क्रियापदं घरात असताना आपण ‘सेट होणे’ घेऊन बसलो.

सिमेंटचंच घ्या. इंजिनिअरच्या भाषेत सेट होणं म्हणजे मऊपणा जाणं. ताकद येणं नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटने ३० मिनिटांच्या आत सेट व्हायला लागायचं नाही आणि ६०० मिनिटांच्या आत उरकायचं. ताकद पुढे पाणी मारत मारत येते. ती २८ दिवसांनी तपासतात. गवंड्याला एवढा दम कुठला? घमेल्यातला माल आवळायला लागला की तो वरून तांब्याभर पाणी ओततो. माल मऊ होतो, प्लास्टर पुढे भुसभुशीत निघतं. ‘सेट झालंय साहेब,’ तो म्हणतो. खोटं काहीच बोलत नाही.

दह्याची तऱ्हा वेगळी. अर्धा लिटर दूध, ४० ते ४५ अंश, म्हणजे बोट सहज टिकेल इतकं कोमट. त्यात चमचाभर विरजण आणि सहा-सात तास हात लावायचा नाही. दूध कढत असेल तर विरजणातले जंतू मरतात, गार असेल तर झोपा काढतात. आणि दर तासाला भांडं हलवून ‘सेट झालं का’ बघणारा घरात एक असतोच. त्याच्या कृपेने पाणी सुटतं.

टेनिसचा सेट सहा गेमचा, पण दोनाची आघाडी हवी. ६-६ झाले की टायब्रेक. जिममधला बाराचा सेट दहावर संपतो. सेट परीक्षा सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेची; ती पास होऊनही सेट न झालेले पुष्कळ. ‘मुलगा फ्लॅट घेऊन सेट झाला’ यातला सेट मात्र थेट सिमेंटचा: आकार आला, ताकद यायला वीस वर्षांचे हप्ते.

तरी इंग्रजीला नावं जरा जपूनच ठेवावीत. आपण घड्याळ लावतो, दार लावतो, दही लावतो, सापळा लावतो. आणि एखाद्याने ‘दिवे लावले’ म्हणजे उजेड पाडला की वाट लावली, हे एकदा एखाद्या इंग्रजाला समजावून बघा.