माळढोक यादीतून काढायचा म्हणतोय, भांडायचं असेल तर या

आमच्या रविवार-सकाळी पाखरं बघायला जाणाऱ्या मंडळींत गेले पंधरा दिवस जे चाललंय त्याला भांडण म्हणावं की प्लॅनिंग, तेच समजेना झालंय. आठजण आहोत. सात बेळगावचे, एक खानापूरचा. वर्षभर आमची धाव जांबोटी, कणकुंबी, भीमगडचा काठ, फार तर दांडेली. यंदा डिसेंबरात राजस्थान ठरलंय. माउंट अबूचा डोंगर आणि जैसलमेरचं वाळवंट. आठातल्या एकानंही यातलं काही पाहिलेलं नाही.

तर एकानं उत्साहात एक्सेल शीट टाकलं. सात दिवसांत अबू, जोधपूर, खिचन, जैसलमेर, बिकानेर आणि ताल छापर. त्याखाली पक्ष्यांची यादी, १६२ नावं. पहिलं नाव लाल ठळक अक्षरात, माळढोक. मी फक्त एवढंच लिहिलं, ‘ते लाल नाव काढा आणि शेवटची दोन गावंही काढा.’ तेव्हापासून ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा येईना झालंय. म्हणून जरा पसरून इथं लिहितो.

आधी गावांचं. चार वर्षांमागं मी एका टूरवाल्याबरोबर कच्छला गेलो होतो. नाव घेत नाही, त्याचं पोट आहे. सहा दिवस, तीन मुक्काम, हातात छापील यादी. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एका गावाबाहेरच्या तळ्याशी बसलो होतो. तळं कसलं, म्हशी डुंबतील एवढं डबकं. आणि पखुर्ड्या यायला लागल्या. आधी आवाज, घशातल्या घशात गुळणी केल्यासारखा. मग वीस-पंचवीस पाखरं एकदम. पाण्यावर थेट उतरली नाहीत. लांब कोरड्या जमिनीवर उतरली आणि बसल्याबरोबर नाहीशी झाली, मातीचा रंग तो त्यांचा रंग. मग ती माती हळूहळू पाण्याकडं सरकायला लागली. पहिली पखुर्डी पाण्याला चोच लावते न लावते तोच आमच्या टूरवाल्याचा फोन वाजला. फुलाय गावाजवळ हायपोकोलियस, म्हणजे हिवाळ्यातला दुर्मिळ पाहुणा पक्षी, दिसलाय! ‘चला चला, गाडीत बसा.’ पखुर्डी यादीत आदल्या दिवशीच ‘झालेली’ होती ना. तास-दीड तास बोलेरोत हाडं खिळखिळी करून पोचलो, तोवर हायपोकोलियस उडून गेला होता. लोकांनी त्या झुडपाचे फोटो काढले.

पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून कित्येक किलोमीटर लांबच्या पिल्लांना पाणी नेतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ज्या पाखराचा हा संसार, त्याला आम्ही पाच मिनिटं दिली नाहीत. टूरवाल्याला तरी काय बोलणार, छापील यादी बघूनच मी पैसे भरले होते.

म्हणून म्हणतो, बिकानेर आणि ताल छापर गाळा. बिकानेरजवळच्या जोडबीडला मेलेली गुरं टाकतात तिथं हिवाळ्यात ग्रिफन गिधाडं, काळी गिधाडं, स्टेपी गरुड शेकड्यांनी उतरतात, ते गाळताना माझाही जीव तुटतो. पण सात दिवसांत सहा ठिकाणं केली तर आपण राजस्थानचे हायवे बघून येऊ. अबूत दोन रात्री, खिचनला एक, जैसलमेरला तीन. बास.

दुसरं म्हणजे, आपले डोळे जंगलाचे आहेत, हे कुणी लक्षातच घेत नाही. भीमगडच्या बाजूला आपण आधी ऐकतो, मग बघतो. कर्णा ओरडला की उभं राहायचं, वीस-तीस फुटांवर फांदीला चिकटलेला सापडतो. वाळवंटात पाखरू दोनशे-तीनशे मीटरवर, आडोसा नाही आणि तुम्ही त्याला केव्हाच दिसलेले असता. दहा वाजले की जमिनीवरून वाफारा उठतो, दुर्बिणीतला चंडोल पाण्यात पडल्यासारखा हलतो. चंडोल, रणगोजे, धाविक यांच्यातले फरक म्हणजे भुवईची रेघ, शेपटीवरचा काळा पट्टा, असलेच. त्या १६२ पैकी निम्म्याअधिक नावांचा घोळ आपण घालणार, लिहून ठेवा. त्यावर उपाय फुकट आहे. तीन-चार रविवार जांबोटीला पाठ करायची आणि अथणी-रायबागकडच्या माळावर जायचं. भोवत्ये, म्हणजे माळावरचे शिकारी पक्षी, तिथं हिवाळ्याला येतात, चंडोल तर पायाखाली येतील इतके. हे सुचवलं तर एकजण म्हणाला, ‘त्या माळावर काय बघायचं वो?’ म्हणजे हजार मैलांवरचा माळ बघायला तिकीट काढणार, आणि घरच्या माळावर काय बघायचं!

आता माळढोक.

माझे मामा पोस्टात होते, ऐंशीच्या दशकात काही वर्षं राणेबेन्नूरला. एकदा सायकलवरून जाताना त्यांना शेतापलीकडं धनगराचं पोर उभं असल्यासारखं काहीतरी दिसलं. जवळ गेले तर पोरानं पंख उघडले. बरोबरचा शिपाई म्हणाला, ‘एरेभूत, सार.’ एरे म्हणजे काळी माती, तिच्यातलं भूत. मामांना पाखरांचा नाद नव्हता, पण हा किस्सा ते मरेपर्यंत सांगायचे, आणि दर वेळी ते पाखरू बोटभर उंच व्हायचं. त्याच राणेबेन्नूरच्या काळवीट अभयारण्यात माळावर निलगिरी लावली गेली. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, तिच्यावर झाडं लावली की पुण्य, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. माळढोकाला झाडी नको, मोकळा माळ हवा. आज कर्नाटकात तो उरलाय म्हणायचा तर बळ्ळारीच्या सिरुगुप्प्याकडं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

जगात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक असतील, त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. राजस्थान त्याला गोडावण म्हणतं, राज्यपक्षी आहे तो तिथला. मादी सहसा वर्षाला एक अंडं घालते, तेही उघड्यावर, जमिनीवर. नर दहा-पंधरा किलोचा, झटकन वळता येत नाही, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरची वीजतार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. भारतीय वन्यजीव संस्थेनं थरमधल्या ४,२०० चौरस किलोमीटर पट्ट्यात तारांमुळे वर्षाला ८४,००० पक्षी मरत असल्याचा अंदाज काढलाय. सगळ्या जातींचे मिळून. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखालून न्या म्हटलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सौरऊर्जाही हवीच आहे, मी काही कंदील लावून बसत नाही. पण ज्या पाखरानं हे सगळं अंगावर घेतलंय, त्याच्यामागं सकाळी सात जीपा लागाव्यात? आकडा मी बनवलेला नाही. गेल्या हिवाळ्यात जाऊन आलेल्या ओळखीच्या एकानं स्वतः मोजल्या होत्या, त्यातली एक त्याची.

यावर खानापूरच्या मित्राचा मुद्दा असा की गोडावण बघायला लोक येतात म्हणून तिथल्या पोरांना गाइडचं काम मिळतं, आणि पोट भरतं म्हणून ती पोरं पाखरू सांभाळतात. तुम्ही सज्जन लोक घरी बसलात तर सांभाळणार कोण? मुद्दा खरा आहे. दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की गाइड घ्यायचा, पूर्ण पैसे द्यायचे, आणि त्याला सांगायचं, चंडोल दाखव, रणगोजे दाखव, तुमचं ओरण दाखव. ओरण म्हणजे तिथली देवराई. आपल्या देवराईत झाडांनी अंधार असतो, तिथं देगराय मातेच्या ओरणात उघडं गवत आणि तुरळक झाडं. देवाच्या नावानं राखलेलं गवत मला बघायचंय. वाटेत माळढोक आपणहून आडवा गेला तर मी काही डोळे मिटून घेणार नाही. त्याच्यामागं गाडी घालायची नाही, इतकंच.

सम गावाच्या एका गाइडशी फोनवर बोललो. मी आपल्या सवयीनं म्हटलं, पहाटे पाचला निघू. तो हसायला लागला. तिथं डिसेंबरात सूर्यच सव्वासातच्या पुढं उगवतो, आपल्यापेक्षाही उशिरा. पाचला निघून अंधारात उघड्या जीपमध्ये कुडकुडत बसणार. चहा पिऊन सातला निघा म्हणाला. एक्सेलमधल्या सगळ्या वेळा बेळगावच्या घड्याळानं लावलेल्या आहेत, त्या बदला.

अबूबद्दल मात्र भांडण नाही. गुरुशिखर १,७२२ मीटर, अरवलीतलं सगळ्यात उंच टोक, आणि आसपासच्या गावांतली हिरवी मुनिया. पिंजऱ्यासाठी पकडून पकडून ती ठिकठिकाणी संपवलीय, अबूच्या बाजूला अजून थव्यानं भेटते. अंगावर पोपटी रंग, कुशीला काळे-पांढरे पट्टे, लालबुंद चोच. खास बघायला म्हणून गेलो तरी तिचं काही बिघडत नाही, वाटेकडेच्या घाणेरीत नि शेताच्या बांधावर बसते ती. शिवाय बेळगावहून अजमेर आणि जोधपूरच्या थेट गाड्या अबू रोडला थांबतात. दीड दिवस धरा, गाडी बदलायला नको. आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा सुट्टी मिळते का बघतो म्हणणाऱ्या दोघांनी लवकर बघावं.

बायकोनं हे सगळं ऐकून विचारलं, ‘एवढ्या लांब जाऊन बघणार काय, तर चंडोल?’ म्हटलं, होय. ती म्हणाली, ‘मग मीपण येते, अबूपर्यंत.’ म्हणजे नऊजण झालो. गाडीचा हिशेब परत मांडायला लागणार.

खिचनची एक रात्रही काहींना जास्त वाटतेय. फलोदीजवळचं गाव, लोक चुग्गाघरात धान्य टाकतात आणि मंगोलिया-मध्य आशियाकडून आलेले करकोचे हजारोंनी उतरतात. तिथं त्यांना कुरजां म्हणतात. हेच करकोचे हिवाळ्यात आपल्या घटप्रभा अभयारण्यातही येतात, धुपदाळच्या बंधाऱ्याच्या पाण्यावर, गोकाकला करदंट घ्यायला थांबता त्याच्या पलीकडं. आपल्यातल्या पाचजणांनी ते अजून पाहिलेले नाहीत. मी विचारून घेतलंय.

येत्या रविवारी मी धुपदाळला जातोय. पहाटे पाचला आरपीडी कॉर्नरवरून निघणार, इथं पाच चालतात. गाडीत तीन जागा आहेत. एक्सेलवाल्यानं एक्सेल घरी ठेवून यावं, स्कोप आणि ट्रायपॉड मात्र आणावा, तो त्याच्याकडंच आहे.