ओहतानीच्या २० लाखांबद्दल खुलासा
‘अमेरिकेतला बेसबॉल संघ डॉजर्स आपला जपानी खेळाडू शोहेई ओहतानीला वर्षाला फक्त २० लाख डॉलर देतात, म्हणून लक्झरी टॅक्सही (खेळाडूंच्या पगाराचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संघाला भरावा लागणारा कर) तेवढ्यावरच लागतो,’ असं सर्रास फिरतंय. पहिला भाग खरा आहे, दुसरा साफ चुकीचा. डिसेंबर २०२३चा हा करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी मिळतील. पण टॅक्ससाठी त्या उशिरा मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत धरतात, आणि २० लाखांसह ती होते वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख! मला त्याहून बोलकं वाटतं ते एक कलम: मालक मार्क वॉल्टर किंवा बेसबॉल विभागाचे प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन, दोघांपैकी कुणीही पद सोडलं तर ओहतानी करारातून बाहेर पडू शकतो.