कोट, लॉटरी आणि नित्याचा कोर्स

"सिनेमा हलकाफुलका आहे, मान्य. पण थोर वगैरे?" नित्याने बूड टेकायच्या आधीच सुरुवात केली. लॉ कॉलेज रोडवरचा चित्रपट रसग्रहणाचा कोर्स करून आल्यापासून तो चहासुद्धा विश्लेषण करत पितो.

"तुला थोर म्हणायला सांगितलंय कुणी? हसलास की नाही, ते बोल," शुभा म्हणाली.

"हसणं हा निकष नसतो."

"रडणं असतो वाटतं! त्या इराणी सिनेमाला माझा रुमाल पिळून परत दिलेलास."

विषय शनिवारी फिल्म क्लबात दाखवलेल्या, फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेरच्या 'ल मिलियाँ'चा. चित्रकार मिशेलचं लॉटरी लागलेलं तिकीट कोटाच्या खिशात, तो कोट त्याच्या प्रेयसीने, बेआत्रिसने, भल्या मनाने एका परक्याला देऊन टाकलेला, आणि आता कोट पॅरिसभर.

नित्याने हवेत दोन्ही हातांनी चौकट केली. "मेरसनचं नेपथ्य बघा. नट आणि मागचा देखावा यांच्यामध्ये झिरझिरीत पडदा सोडलाय. त्यामुळे अवकाश जो आहे तो..."

"अवकाश राहू दे," मंद्या म्हणाला. "बेआत्रिसचं काम करणारी ती अ‍ॅनाबेला, तिनेच पुढे टायरोन पॉवरशी लग्न केलं ना?" मंद्याचा जागतिक सिनेमाचा अभ्यास हा असा, लग्नपत्रिकांमधून झालेला.

शुभाने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. "कोटासाठी झोंबाझोंबी चाललीय आणि मागे आवाज कसला? रग्बीच्या सामन्याचा! शिट्टी काय, प्रेक्षकांचा गलका काय. बोलपट नवा नवा आला, सगळे माइकसमोर खिळल्यासारखे उभे राहून बडबडत होते. आणि हा क्लेर, ज्याला बोलपट मुळात नकोसा वाटत होता, तो आवाजाशी खेळत बसला."

"साल कुठलं?" अप्पांनी विचारलं.

"१९३१."

"म्हणजे 'आलम आरा'चं. मार्चात मॅजेस्टिकला लागला." अप्पांनी मान डोलावली, जणू तिकीट फाडायला तेच दारात उभे होते.

"पण प्रेम कुठंय यात?" मंद्याला एकदम वाचा फुटली. "तो मिशेल कोटामागे धावतो. तिच्यामागे कुठे धावतो? वर त्या दुसऱ्या बाईचं चित्र काढता काढता गळ्यात पडतो. मी असतो तर..."

"तू असतास तर ते तिकीटच काढलं नसतंस. दहा रुपये सुटे नाहीत म्हणून," शुभाने त्याला तोडलं. हे खरं आहे. मंद्याच्या खिशात सुटे कधीच नसतात. "आणि म्हणूनच तो ऑपेराचा प्रसंग बघ ना. कोट त्याच थिएटरात कुठेतरी आहे, दहा लाख फ्लोरिन हाताच्या अंतरावर, आणि हा रंगमंचावरच्या देखाव्याआड तिच्याबरोबर अडकलाय. हलायची सोय नाही, बोलायची सोय नाही. पुढे तो जाडा गायक सोप्रानेली आणि त्याची नायिका, नुकतीच एकमेकांवर खेकसून आलेली, 'आपण दोघंच' म्हणून गळा काढतायत."

अप्पा खुदकन हसले. त्यांनी उमेदीत संगीत नाटकांना पेटीची साथ केलेली. "आमच्याकडे एक जोडी होती. विंगेत एकमेकांना पाणीसुद्धा विचारायचे नाहीत. पडदा वर गेला की अशी आळवणी, की पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसायच्या. मध्येच ती पदर सावरता सावरता त्याला चिमटा काढायची. त्याची तान तिथेच वर जायची आणि वन्स मोअर मिळायचा!"

"तेच म्हणतोय मी," नित्या सरसावला. "ते ऑपेराचं विडंबन आहे."

"अर्धंच बघितलंस," शुभा म्हणाली. "गाणं खोटं, गाणारे खोटे, पाकळ्या कागदाच्या. वरून त्या टाकणारा कामगारसुद्धा क्लेर आपल्याला दाखवतो. काही म्हणजे काही लपवत नाही. आणि तरी मागे लपलेली ती दोघं त्याच शब्दांवर एकमेकांकडे बघतात, आधी ती मान फिरवते, मग फिरवत नाही, आणि रुसवा जातो. खोटेपणा पुरा उघड करून त्यातून खरं प्रेम काढून दाखवलंय. तुझा तो फ्रेंच दिग्दर्शक गोदार असता तर तिला भिंतीला टेकवून वीस मिनिटं पुस्तक वाचायला लावलं असतं."

नित्याने चष्मा पुसला. उत्तर नसलं की तो चष्मा पुसतो. "पण सामाजिक आशय..."

"अरे, उधारी थकवणाऱ्या मिशेलला लॉटरी लागली म्हणताच शिव्या देणारे तेच खाटीक-वाणी त्याच्यासाठी गाणी म्हणतात! आणखी कसला आशय हवाय, तळटीप?"

"मला ते कोटाचं पटलं बुवा," मंद्या मध्येच म्हणाला. "भल्या मनाने द्यावा आणि गेला की गेलाच. सिंहगडाच्या वेळी मी या नित्याला माझा रेनकोट दिला. याने भावाला दिला. भावाने हॉस्टेलवर कुणाला तरी. आणि आतल्या खिशात माझी शंभराची नोट होती."

"शंभर कुठले? पन्नास होते!" नित्या ओरडला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग अप्पांना असा ठसका लागला की चहा थेट नित्याच्या नोंदवहीवर. शुभा कट्ट्यावरून उतरून रस्त्यावर उभी राहून हसत होती. मंद्या मात्र शांतपणे हात पुढे करून बसला.

नित्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. म्हणजे, मंद्याच्या खात्यावर मांडायला सांगितले.