चिनी छायाबाहुल्या काळ्या कागदाच्या नसतात

सध्या एक पोस्ट फिरते आहे: चिनी छायाबाहुल्या काळ्या कागदातून कापतात आणि पडद्यावर फक्त काळी सावली दिसते. हे चूक आहे. काही ठिकाणी कागदाच्या बाहुल्या होत्या आणि आहेत, पण ही कला ज्यांच्यामुळे नावाजली त्या बाहुल्या कातड्याच्या. शान्शी प्रांतात गाय-बैलाचं कातडं, हपेईतल्या थांगशानकडे गाढवाचं. ते भिजवतात, केस आणि चरबी खरवडतात, चौकटीवर ताणून वाळवतात. मग ते अर्धपारदर्शक होतं. त्यावर लाल, हिरवा, पिवळा रंग चढवला की उजेड आरपार जातो आणि पडद्यावर रंगीतच आकृती उमटते.

कोरीवकाम तर बघत राहावं असं. शान्शीचे कारागीर उजव्या हातातली सुरी जागच्या जागी दाबून धरतात आणि डाव्या हाताने कातडं सरकवतात; वळणं त्यामुळे तुटत नाहीत. नायिकेच्या चेहऱ्यावरचं कातडं जवळजवळ सगळं कापून टाकतात, उरते ती कपाळ-नाकाची रेघ, भुवई आणि डोळा. डोकं सुटं असतं, धडावर बदलता येतं.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतला सम्राट वू याच्यासाठी ही कला जन्मली, हेही पोस्टमध्ये इतिहास म्हणून दिलंय. ती आख्यायिका आहे. छायानाट्याचे स्पष्ट लेखी उल्लेख बऱ्याच नंतरच्या, सोंग राजवटीच्या काळातले (इ.स. 960 ते 1279). युनेस्कोने 2011 मध्ये चिनी छायानाट्य वारसा यादीत घेतलं, एवढं मात्र पोस्टमध्ये बरोबर आहे.

आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाच्या छायाबाहुल्याही चामड्याच्याच, म्हणून ही चूक आपण तरी पुढे पाठवू नये.