तो गप्प राहिला, पण नियमामुळे नाही

'कॅल्व्हरी' या चित्रपटाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं : कबुलीच्या गोपनीयतेने फादर जेम्सचे हात बांधलेले होते, म्हणून खुनाची धमकी मिळूनही तो पोलिसांकडे गेला नाही. हे साफ चूक आहे, आणि इथे चुकलं की अख्खा चित्रपट हातातून निसटतो. (पुढे शेवट उघड होणार आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

जॉन मायकल मॅकडोना यांचा हा २०१४चा चित्रपट. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं स्लायगोमधलं गाव, मागे बेनबुल्बनचा सपाट माथ्याचा डोंगर. पहिल्याच दृश्यात कबुली ऐकणाऱ्या जेम्सचा, म्हणजे ब्रेन्डन ग्लीसनचा, चेहरा आणि जाळीपलीकडून येणारा आवाज. तो माणूस सांगतो, सात वर्षांचा असल्यापासून एका पाद्र्याने माझ्यावर अत्याचार केले. तो पाद्री आता मेलाय. वाईट पाद्री मारून काही साधत नाही, चांगला मारला तर लोक हादरतील. म्हणून पुढच्या रविवारी किनाऱ्यावर तुला मारणार.

आता नियम बघा. कबुलीच्या, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्या संस्कारात माणसाकडून तीन गोष्टी लागतात : पश्चात्ताप, पापांची कबुली आणि प्रायश्चित्त. चर्चच्या कायद्यातलं कॅनन (म्हणजे कलम) ९८३ सांगतं की कबुलीत ऐकलेलं धर्मगुरूने शब्दाने किंवा इतर कुठल्याही प्रकारे, कुठल्याही कारणासाठी फोडायचं नाही. थेट फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. पण जाळीपलीकडच्या माणसाला पश्चात्ताप कुठे आहे? तो क्षमा मागत नाही, पुढच्या खुनाची तारीख देतो. बिशपही जेम्सला हेच समजावतो : इथे गोपनीयता लागू होत नाही, पोलिसांकडे जाऊ शकतोस. शिवाय जेम्सने आवाज ओळखलेला आहे. म्हणजे वाट मोकळी आहे आणि नावही ठाऊक आहे. तरीही तो ते नाव कुणाला सांगत नाही.

इथे रहस्यपटाचा नेहमीचा साचा उलटतो. खुनी कोण हे जेम्सला माहीत असतं, आपल्याला नसतं. त्यामुळे जेम्स आठवडाभर गावात ज्या ज्या घरी जातो तिथला प्रत्येक टोमणा आपण संशयाने ऐकतो. खाटीक, नास्तिक डॉक्टर, गडगंज पैसेवाला फिट्झजेराल्ड, सगळे त्याला डिवचतात. फिट्झजेराल्ड तर होल्बाइन या जुन्या चित्रकाराचं मौल्यवान चित्र भिंतीवरून उतरवतो आणि त्यावर लघवी करतो. आपण हसतो आणि पुढच्याच क्षणी हसू घशात अडकतं. (हे पात्र जरा जास्तच रंगवलंय, असं माझं मत.)

सगळ्यांत बोचणारं दृश्य मात्र छोटं आहे. रस्त्याने चालताना जेम्सला एक लहान मुलगी भेटते, दोघं गप्पा मारत चालतात. तेवढ्यात तिचा बाप गाडी थांबवतो, तिला आत ओढतो आणि जेम्सवर खेकसतो. जेम्सने काहीही केलेलं नाही. पण २००५चा फर्न्स, २००९चे रायन आणि मर्फी आणि २०११चा क्लॉइन असे चर्चमधल्या बाल-अत्याचारांवरचे अहवाल एकामागून एक आल्यावर त्या देशातल्या बापाने दुसरं काय करावं? पाद्र्याच्या पांढऱ्या कॉलरकडे बघण्याची नजरच बदलली होती.

जेम्स संत नाही. तो विधुर, बायको गेल्यावर पाद्री झालेला. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली मुलगी फियोना त्याला सुनावते की आई गेली आणि मग तूही मला सोडून गेलास. तो पिस्तूल मिळवतो, दारूच्या नशेत पबमध्ये गोळ्या झाडतो, पळून जायला विमानतळही गाठतो. तिथे त्याला एक शवपेटी दिसते, त्याने ज्याला शेवटचा संस्कार दिला त्या परक्या देशातल्या माणसाची. दोन कामगार तिच्यावर रेलून आरामात गप्पा मारतायत. तो नुसता पाहत राहतो आणि माघारी फिरतो. मग पिस्तूलही समुद्रात फेकतो. बिशपने दिलेल्या मोकळिकीनंतरचा हा त्याचा स्वतःचा निर्णय आहे, कुठल्या कॅननचा नाही.

किनाऱ्यावर खाटीक जॅक विचारतो, तुझा कुत्रा मेला तेव्हा रडलास? हो. आणि आमच्यासारख्या मुलांबद्दल पेपरात वाचलंस तेव्हा? जेम्स सबब सांगत नाही. नाही म्हणतो. त्या बातम्या त्याला दूरच्या वाटल्या होत्या. ही चित्रपटातली खरी कबुली. खुनाआधी पाद्रीच कबुली देतो, आणि ती ऐकणारा पीडित आहे. त्याच आठवड्यात जळालेलं जेम्सचं चर्च आपणच जाळल्याचं जॅक मान्य करतो, कुत्रा मारल्याचं नाकारतो. तो कुणी मारला ते शेवटपर्यंत कळत नाही.

क्षमेला आपण फार कमी लेखतो, असं जेम्स फियोनाला फोनवर म्हणालेला असतो. अखेरीस ती तुरुंगात जॅकसमोर बसते. मधे काच. दोघं फोन उचलतात. एक शब्दही ऐकू येत नाही.