‘साडेसहाशेच्या खाली सरकारी विसरा’ : त्या मेसेजचं काय करायचं?

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ६५० च्या खाली मार्क असतील तर सरकारी एमबीबीएस विसरा. सोलापूरच्या मुलांना मात्र इथल्या सरकारी मेडिकलला, वैशंपायन कॉलेजात, जागा राखीव आहेत. बारावी नुसती पास पुरे. बीडीएस (दातांच्या डॉक्टरचा अभ्यासक्रम) घ्या, वर्षभराने एमबीबीएसला बदली होते. मॅनेजमेंट कोट्याला नीट लागत नाही. कागदपत्रं नंबर लागल्यावर काढा. आणि शेवटी, ‘गरजूंपर्यंत पोचवा’. गरजूंनीच यापासून लांब राहिलेलं बरं.

आधी ६५० चं बघू. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही ७२० पैकी ७२० मिळवणारी १७ मुलं होती. २०२५ ला फिजिक्सच्या पेपरने भल्याभल्यांना घाम फोडला आणि देशात पहिला आलेल्याला ६८६ मिळाले. त्या वर्षी ६५० च्या वर अख्ख्या देशात शंभर जणही नव्हते. मेसेज खरा मानला तर त्या साली महाराष्ट्रातली सरकारी कॉलेजं ओस पडायला हवी होती! मार्कांचा भाव दरवर्षी बदलतो, म्हणून ऑल इंडिया रँक बघायची. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या याद्या काढा आणि आपल्या प्रवर्गात हवं ते कॉलेज कितव्या रँकला बंद झालं ते शोधा. तेही शेवटच्या फेरीत. पहिल्या फेरीचा आकडा बघूनच निम्मी घरं हातपाय गाळतात.

राखीव जागांची गोष्ट बहुधा जुन्या ७०:३० मधून (७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्यांना) आली असावी. पण तेव्हाही सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळं काही नव्हतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग होते, आपण ‘उर्वरित’मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये तेही रद्द झालं. आता सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीतून. सोलापुरातल्या तुळजापूर वेशीतला मुलगा आणि गडचिरोलीचा मुलगा, दोघंही त्याच यादीत.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून किती टक्के लागतात, ते त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत बघा. नुसत्या ‘पास’वर विसंबू नका.

बीडीएसवरून एमबीबीएसला बदली होत नाही. पुन्हा नीट द्यायची, पुन्हा यादीत यायचं. दातांचा डॉक्टर व्हायचं असेल तर खुशाल बीडीएस घ्या, इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा तो स्वतंत्र आणि चांगला अभ्यासक्रम आहे. मागच्या दाराने शिरायला म्हणून घेऊ नका.

मॅनेजमेंट कोटा म्हणाल तर खासगी कॉलेज, अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, एनआरआय कोटा, सगळीकडे नीट लागतेच. २०१८ पासून परदेशात एमबीबीएसला जातानाही लागते. एजंट ‘मी बघतो ना, काळजी करू नका’ म्हणाला की चहा घ्या आणि उठा.

सगळ्यात महागात पडतं ते कागदपत्रांचं वाक्य, कारण मार्क चांगले असूनही जागा हातची जाते. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. सायन्सच्या मुलांना कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच अर्ज करता येतो, तेव्हाच करावा. जात पडताळणी समिती जुना पुरावा मागते : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत खरी गंमत इथेच होते. आजोबा शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘नरसय्या’, वडिलांच्या दाखल्यावर तेच ‘नरसिंग’, आणि जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’. मग चुलत्यांचे दाखले शोधा, आत्याच्या शाळेत जा, प्रतिज्ञापत्र करा. घरात सख्ख्या काकाची किंवा चुलत भावाची वैधता झालेली असेल तर ती आधी जोडा, निम्मं काम हलकं होतं. हे सगळं प्रवेशाच्या आठवड्यात उरकत नाही.

नॉन क्रिमीलेअरचंही (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याचंही) तसंच. त्याची मुदत प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. कपाटातलं काढून आजच तारीख बघा, कारण जून-जुलैत सेतूसमोर, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या केंद्रासमोर, अकरावीपासून इंजिनिअरिंगपर्यंतचे सगळेच उभे असतात.