१८ नॅनोमीटरची काडी आणि तुमचा हिशेब

‘एक वाचक’ या नावाने आलेल्या प्रतिक्रियेला हे उत्तर. मूव्हमेंट प्रोटीनवरच्या (म्हणजे विषाणूला झाडाच्या एका पेशीतून शेजारच्या पेशीत जायला मदत करणाऱ्या त्याच्याच प्रथिनावरच्या) माझ्या लेखाला तुम्ही ‘व्हॉट्सॲपवरचं विज्ञान’ म्हणालात. म्हणा. पण असं लिहिणाऱ्याने खाली आपलं नाव घालायची हिंमत दाखवावी. इंदूर एवढं मोठं नाही, उद्या पोह्यांच्या ठेल्यावर शेजारीच उभे असू.

तुमचं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो: ‘५० नॅनोमीटरच्या भोकातून १८ नॅनोमीटरची काडी आपोआप जाते, नुसतं जीएफपीसुद्धा जातं हे मी स्वतः पाहिलंय, मग या प्रोटीनचं एवढं कौतुक कशाला?’

काडी म्हणजे टोबॅको मोझॅक विषाणूचा काडीसारखा कण, जीएफपी म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन आणि भोक म्हणजे दोन पेशींना जोडणारी बारीक वाट, प्लाझ्मोडेस्मा. ५० हे तिचं बाहेरचं माप. तिच्या मधोमध डेस्मोट्यूब्यूल असते, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेचीच (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याचीच) आवळलेली नळी, आणि त्या नळीभोवती प्रथिनांची दाटी. सराफ्यात रात्री ठेले लागल्यावर रस्ता नकाशात किती रुंद आहे हे विचारून काय उपयोग? माणूस जातो तो दोन ठेल्यांमधल्या फटीतून. इथे ती फट दोन-चार नॅनोमीटरची. साध्या तंबाखूच्या पानात ७००-८०० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) रंग पलीकडे जातो, फार मोठं काही जात नाही. टोबॅको मोझॅक विषाणूचं ३० किलोडाल्टनचं मूव्हमेंट प्रोटीन स्वतः बनवणाऱ्या तंबाखूत मात्र ९,४०० डाल्टनचं डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंची साखळी) गेलं. हे १९८९ मध्ये मोजलेलं आहे, माझ्या पदरचं नाही.

आता म्हणाल, अख्ख्या विषाणूपुढे ९,४०० म्हणजे किस झाड की पत्ती! बरोबर, कारण काडी जातच नाही. आवरणाचं प्रथिन काढून टाकलेला हा विषाणूही एका पेशीतून दुसरीत पसरतो. आवरण लागतं ते रसवाहिन्यांतून लांबचा पल्ला गाठायला. पेशींमधून सरकतो तो सुमारे ६,४०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए, मूव्हमेंट प्रोटीनने धरून उलगडलेला. तेव्हा तुमच्या हिशेबातला १८ हा आकडाच इथे गैरलागू.

उलट बाजूने बघायचंय? एलएस१ हा याच विषाणूचा प्रकार. त्याच्या मूव्हमेंट प्रोटीनमध्ये एका जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन. ३२ अंशांना तो पेशीत नीट वाढतो, पण शेजारी जात नाही. २२ अंशांना ठेवा, जातो. भोक तेच, काडी तीच.

राहिलं तुम्ही ‘स्वतः पाहिलेलं’ जीएफपी. सतरा वर्षं कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली बेंथामियानाची (तंबाखूच्या प्रयोगशाळेतल्या भावंडाची) पानं पाहतोय, म्हणून विचारतो: पान कुठलं घेतलं होतं? शेंड्याकडच्या कोवळ्या पानात प्लाझ्मोडेस्माटा साधे आणि सैल असतात, तिथे २७ किलोडाल्टनचं जीएफपी आपणहून पाझरतं. चार-पाच आठवड्यांच्या रोपाचं खालचं, पूर्ण वाढलेलं पान घ्यावं लागतं. जीएफपीचा जीन पानात पोहोचवणारा जीवाणू, ॲग्रोबॅक्टेरियम, ओडी (द्रावणातल्या जीवाणूंच्या दाटीचं माप) ०.००१ च्या खाली पातळ करावा, म्हणजे एकेकटी पेशीच उजळेल. दाट सोडला तर शेजारशेजारच्या दोन पेशी वेगवेगळ्या उजळतात आणि बघणाऱ्याला वाटतं, जीएफपी सरकलं. सुई नसलेल्या एक मिलीच्या सिरिंजने पानाच्या खालून भरावं, पण सिरिंज दाबल्याचा वळ उठतो तिथे मोजू नये, कारण इजा झाली की पेशी भोकाच्या तोंडाशी कॅलोज (वाट अरुंद करणारा पदार्थ) साचवते. दोन-अडीच दिवसांनी बघावं. शेजारच्या पानात त्याच पातळीचं नुसतं जीएफपी, मूव्हमेंट प्रोटीनशिवाय, कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी. हे न करता ‘पाहिलंय’ म्हणणं म्हणजे ताप हात लावून मोजणं.

एक चूक कबूल: लेखात काडीची जाडी ३० छापली गेली, हवी होती १८. प्रोटीनचे किलोडाल्टन नजरचुकीने तिथे गेले. दुरुस्त केलंय, आभार.

तुम्ही काढलेला सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅक रोगाचा मुद्दा (तो डीएनए विषाणू, केंद्रकात वाढतो, म्हणून तंबाखूचा दाखला तिथे लागू नाही) माझ्या लेखाचा विषयच नव्हता. त्याच्याकडे दोन प्रथिनं असतात, एक डीएनएला केंद्रकाबाहेर काढतं, दुसरं पेशीबाहेर. माळव्यात राहतो म्हणून प्रत्येक लेखात सोयाबीन आलंच पाहिजे का? पुढे कधी लिहीन.

आणि ते जीएफपीचे फोटो असतील तर जरूर पाठवा. कंट्रोलसकट.